लिफ्ट : दोर, वजन आणि दरवाजा

खर्चाच्या पत्रकात ‘लिफ्ट – देखभाल व दुरुस्ती’ ही ओळ दरवर्षी असते आणि वार्षिक सभेत कोणी ना कोणी सभासद तिच्याविषयी विचारणा करतात. तिचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून यंदा ते लेखरूपाने सादर करीत आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. लिफ्टविषयी जे शिकलो ते कारागिरांच्या मागे उभे राहून.

लिफ्ट म्हटली की दोर तुटण्याची भीती प्रथम मनात येते. न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात १८५४ साली एलिशा ओटिस यांनी उंच फलाटावर स्वतः उभे राहून त्याचा दोर सर्वांसमक्ष तोडविला. फलाट किंचित घसरून जागीच अडकला. १८५७ मध्ये त्याच शहरात ब्रॉडवेवरील एका इमारतीत त्यांची प्रवासी लिफ्ट सुरू झाली. आजच्या लिफ्टला अनेक पोलादी दोर असतात. शिवाय वेग मर्यादेबाहेर गेल्यास गव्हर्नर नावाचे यंत्र खटका ओढते व केबिनचे जबडे दोन्ही बाजूंचे रूळ घट्ट धरतात.

दोराच्या दुसऱ्या टोकाला प्रतिभार असतो. केबिनचे स्वतःचे वजन आणि पूर्ण क्षमतेच्या सुमारे ४० ते ५० टक्के भार, एवढा तो असतो. आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात. म्हणजे २० जणांच्या लिफ्टची क्षमता १३६० किलो. मोटारीला केवळ दोन बाजूंतील फरकच ओढावा लागतो. दोन्ही बाजू मांडून शिल्लक तेवढीच मोजावी, हा व्यवहार आम्हा हिशेबनीसांना ओळखीचा आहे! यामुळे एक नवल घडते. बंद पडलेल्या लिफ्टचा ब्रेक हाताने सैल केला आणि आत माणसे थोडी असली, तर केबिन खाली न येता वर जाऊ लागते.

दोराची भीती अशा रीतीने बरीचशी अनाठायी आहे. दरवाजाची भीती मात्र बाळगलीच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका संध्याकाळी वीज गेली आणि शस्त्रक्रिया झालेल्या एका आजींसह लिफ्ट पहिल्या व दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. जनित्र त्या दिवशी लवकर सुरू झाले नाही. आत परिचारिका व ऑक्सिजनचा सिलिंडर होता, केबिनमध्ये हवा खेळती असते. आजींना धोका नव्हता. धोका बाहेर होता. नातेवाइकांच्या आग्रहाखातर आमच्याच एका कर्मचाऱ्याने कारागिराची त्रिकोणी किल्ली लावून पहिल्या मजल्याचा दरवाजा उघडला. केबिनचा तळ छातीइतक्या उंचीवर, आणि त्याखाली तळमजल्याच्याही खालपर्यंत मोकळा अंधार. आजींचे चिरंजीव त्या कडेला हात टेकून वर चढू लागले. पाय सुटला असता तर ते थेट खड्ड्यात गेले असते. लिफ्टमनने कमरेला मिठी मारून त्यांना मागे ओढले. चूक सर्वस्वी आमची होती. ती किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असे.

आता ती कुलूपबंद असते व नोंदवहीत सही केल्याखेरीज कोणासही मिळत नाही. लिफ्ट अडकल्यास आतील मंडळींनी घंटा वाजवून आतच थांबावे, बाहेरच्यांनी दरवाजास हात लावू नये, ही सूचना प्रत्येक मजल्यावर लावली आहे. आग लागल्यास जिनाच वापरावा, हे वेगळे सांगणे नको. मुंबई इलाख्यात १९३९ साली लिफ्टचा स्वतंत्र कायदा झाला व २०१७ मध्ये राज्याने त्याजागी नवा केला. शासकीय तपासणी तदनुसार होते. परंतु निरीक्षक किल्लीवर रोज पहारा देऊ शकत नाहीत.

त्या प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाने दोन्ही लिफ्टना वीज जाताच बॅटरीवर केबिन जवळच्या मजल्याशी सावकाश नेऊन दरवाजा उघडणारे उपकरण बसविण्यास मंजुरी दिली. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात. यंदा त्या ओळीतील रक्कम वाढलेली दिसते, ती यामुळे.