भूमिगत वाहिन्यांचा व्यवसाय

नदीचे पात्र, लोहमार्ग किंवा रहदारीचा रस्ता यांस यत्किंचितही धक्का न लावता त्यांच्या तळाखालून गॅसची वा पाण्याची वाहिनी पार नेण्याची जी विद्या ‘एचडीडी’ (हॉरिझॉन्टल डायरेक्शनल ड्रिलिंग) या नावाने रूढ आहे, तिचा उपजीविकेसाठी विचार करावा असे पालकांच्या सहसा मनात येत नाही. कारण ही निव्वळ मजुरी होय, अशी त्यांची समजूत असते.

वास्तविक १९७१ साली कॅलिफोर्नियात मार्टिन चेरिंग्टन यांनी पाहारो नदीखालून वायुवाहिनी नेली, तेव्हापासून हे शास्त्र पुष्कळ सूक्ष्म झाले आहे. प्रथम बारीक पायलट बोअर घ्यावयाचे, मग रीमरने ते वाहिनीच्या व्यासाच्या सुमारे दीडपट रुंद करावयाचे आणि अखेरीस त्यातूनच वाहिनी उलट ओढून घ्यावयाची, असा क्रम असतो. बेंटोनाइटचा राडा छिद्राच्या भिंती सावरतो व कोरलेली माती बाहेर आणतो. एकापुढे एक जोडलेल्या रॉडांच्या टोकाचे छिद्र पाडणारे बिट फिरवीत रेटले तर ते सरळ जाते, न फिरवता रेटले तर आपल्या तिरप्या मुखाच्या दिशेने वळते. त्याची खोली व कल जमिनीवरून लोकेटरने वाचून ऑपरेटरला सांगावा लागतो.

दहावीनंतर आयटीआयमधून फिटर वा डिझेल मेकॅनिक होऊन यंत्रावर, स्थापत्य किंवा यंत्र शाखेची पदविका घेऊन देखरेखीवर, आणि पदवीनंतर मृदापरीक्षण व आराखड्याच्या कामावर प्रवेश मिळू शकतो. मात्र पदवीधरानेही आरंभी काही काळ रॉड जोडणाऱ्यांबरोबर राबावे, हे हिताचे. मुंबई-पुण्यात घरोघरी पोहोचणाऱ्या गॅसवाहिन्यांमुळे व सर्वत्र पसरणाऱ्या फायबर केबलमुळे या कामाला मागणी आहे.

रात्रपाळी, परगावचा मुक्काम आणि जुन्या वीजवाहिनीला बिट लागण्याचा धोका यांची पालकांना वाटणारी धास्ती अनाठायी नाही. म्हणून नोकरी पत्करण्यापूर्वी पगाराबरोबरच विम्याची तजवीज काय, आणि छिद्रणापूर्वी जुन्या वाहिन्यांचा शोध कोण घेतो, हे निःसंकोच विचारावे. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप याच कारणासाठी सुरू केले.

राहिला प्रश्न मुलाच्या वृत्तीचा. प्रत्येक रॉडगणिक खोलीची जी नोंद दप्तरी राहते, तिच्याच भरवशावर पुढे कोणीतरी तेथे कुदळ मारणार असतो. तेव्हा कोणी तपासणारे नसतानाही खरा आकडा लिहिण्याची ज्याला सवय आहे, त्याने या व्यवसायात खुशाल अर्ज करावा.