आवाज आणि आवड

मुलांनो, ग्रामोफोनची तबकडी तुम्ही पाहिली आहे का? तिच्यावर बारीक खाच असते. सुई त्या खाचेतून जाताना थरथरते आणि गाणे उमटते. सोबत थोडी खरखरही ऐकू येते.

१९८२ साली सीडी बाजारात आली. सीडीसाठी आवाज दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत साठवतात. ते आकडे लेसर किरण वाचतो. सुई घासत नाही. म्हणून खरखर नाही.

तरीही काहींना तबकडीच गोड वाटते. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. खरखर किती, हे यंत्र सांगते. गोडी कशात, हे ज्याचा त्याचा कान ठरवतो. म्हणून आजोबांच्या तबकडीला हसू नका. आधी त्यांच्याजवळ बसून ऐका. मग आपली आवड सांगा.

प्रश्न : सीडीत खरखर का नसते?