सॅल्यूटच्या हातावरचा टॅटू

प्रश्न : वय २१. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला ‘आई’ असं गोंदवलंय. आता सीआरपीएफच्या भरतीची तयारी करतोय. घरचे म्हणतात, ‘असली थेरं केलेल्याला नोकरी कोण देणार?’ काय करू?

उत्तर : तुमच्या आजीच्या हातावर तुळस किंवा कपाळावर हिरवा ठिपका बहुधा असेल, त्याला कुणी थेर म्हटलं नसेल. नातवाने मशीनने गोंदवलं की तो वाया गेला! घरच्यांचा हा राग निवळेल. तुमची खरी अडचण हाताची आहे. केंद्रीय सशस्त्र दलांना नाव किंवा धार्मिक चिन्ह चालतं, पण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर. तेही त्या भागाच्या पाव हिश्शाहून लहान. उजव्या हाताने सॅल्यूट करतात, म्हणून तिथला टॅटू वैद्यकीय तपासणीत अडतो.

लेझरने काळी शाई बरीच जाते, हिरवी-पिवळी चिवट असते. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, फिकट खूण राहू शकते. पार्लरमधलं ॲसिडचं मलम मात्र लावू नका. शाई जाईलच असं नाही, पण जखमेचा व्रण राहू शकतो. आधी भरतीची ताजी जाहिरात नीट वाचा आणि तपासणीच्या बरेच महिने आधी त्वचारोगतज्ज्ञांना गाठा.