कंपायलर गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नका

गो भाषेचा कंपायलर भलता कडक. फंक्शनमधलं एखादं लोकल व्हेरिएबल किंवा एखादा इम्पोर्ट न वापरता तसाच राहिला, तरी तो प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे कंपाइल झालेल्या कोडवर आपला विश्वास बसतो. हा विश्वास किती ठेवायचा, ते मला एका पतसंस्थेच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम करताना समजलं.

खात्याचं स्ट्रक्ट होतं आणि त्यावर रक्कम जमा करणारी मेथड होती. मेथडच्या आत लॉग टाकला की नवी शिल्लक अचूक दिसायची. बाहेर आलं की पुन्हा जुनाच आकडा. एरर नाही, पॅनिक नाही. गोमध्ये फंक्शनला दिलेल्या प्रत्येक व्हॅल्यूची प्रत होते आणि मेथडचा रिसीव्हरही त्याला अपवाद नाही. इथे रिसीव्हरच्या टाइपआधी तारा नव्हता, म्हणजे नोंद पासबुकाच्या झेरॉक्सवर होत होती. तारा लावून रिसीव्हर पॉइंटर केला आणि शिल्लक टिकू लागली.

तरीही व्याज जमा होईना. ते काम रेंजच्या लूपमध्ये होतं. खात्यांच्या स्लाइसवर रेंज फिरवली की लूपच्या व्हेरिएबलमध्ये प्रत्येक खात्याची प्रत येते. पॉइंटर रिसीव्हरची मेथड बोलावताना कंपायलर व्हेरिएबलचा पत्ता आपणहून घेतो, पण इथे तो त्या प्रतीचाच पत्ता होता. अशा वेळी इंडेक्स वापरून स्लाइसमधल्या मूळ घटकावर मेथड बोलवावी, किंवा स्लाइसमध्येच पॉइंटर ठेवावेत.

नवशिके हमखास अडकतात ते इंटरफेसपाशी. मेथडचा रिसीव्हर पॉइंटर असेल, तर ती मेथड मागणाऱ्या इंटरफेसमध्ये नुसतं स्ट्रक्ट बसत नाही. त्याचा पॉइंटर द्यावा लागतो. कंपायलर हे स्पष्ट सांगतो. पण घाईत कुणी मेथडवरचाच तारा काढतो, एरर जाते आणि प्रतीवर लिहिण्याचा बग गुपचूप परत येतो. तारा काढू नका, स्ट्रक्टचा पत्ता द्या. मॅपमधल्या स्ट्रक्टवर थेट पॉइंटर मेथड बोलावली तरी कंपायलर अडवतो. तिथे मॅपमध्ये पॉइंटर ठेवणं सोयीचं.

सी शिकताना पॉइंटरची धास्ती घेतलेल्यांनी इथे तितकं घाबरू नये. गोच्या नेहमीच्या कोडमध्ये पॉइंटरवर बेरीज-वजाबाकी करता येत नाही. फंक्शनमधल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता परत दिला तरी चालतं. गरज असेल तर कंपायलर ते हीपवर ठेवतो आणि काम संपल्यावर गार्बेज कलेक्टर जागा मोकळी करतो. मात्र निल पॉइंटरपासून सुटका नाही. निल पॉइंटरवर पॉइंटर रिसीव्हरची मेथड बोलावता येते; आत एखादं फील्ड वाचायला गेलं की पॅनिक.

मी आता काही नियम पाळतो. मेथड स्ट्रक्टमध्ये बदल करत असेल, तर रिसीव्हर पॉइंटर. स्ट्रक्ट मोठं असेल, तरीही पॉइंटर. आत म्युटेक्स असेल तर पॉइंटरच, कारण प्रत झालेलं कुलूप मूळ डेटाचं रक्षण करत नाही. एका टाइपच्या काही मेथडना तारा आणि काहींना नाही, अशी सरमिसळ टाळावी. लहान आणि न बदलणाऱ्या स्ट्रक्टला व्हॅल्यू रिसीव्हर उत्तम. पण त्यात स्लाइस किंवा मॅप असेल, तर प्रतीतूनही मूळ डेटा बदलू शकतो, हे ध्यानात ठेवावं.

'गो व्हेट' नेहमी चालवा. म्युटेक्सची प्रत होत असेल तर ते टूल बोट ठेवून दाखवतं. पण शिल्लक न वाढण्याचा बग त्याच्या नजरेत येईलच असं नाही. तो टेस्टनेच पकडावा लागतो. म्हणून टेस्ट लिहिताना मेथडच्या आतल्या लॉगवर विसंबू नका. मेथड संपल्यावर मूळ खात्यात काय उरलं, ते तपासा.