मत विचाराला की वक्त्याला?

सभेत कोणी बोलू लागले, की श्रोत्यांच्या माना डोलतात. परंतु त्या विचारासाठी डोलतात की वक्त्यासाठी, हे ज्याचे त्याने तपासावे. वेंगुर्ल्यास १९२२ साली जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत विरोधी बाकांवर बसत. मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेस करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये दिला. तो अधिकार संसदेस परत मिळावा, म्हणून नाथ पै यांनी त्याच वर्षी विधेयक मांडले. विरोधकाचे विधेयक! तरीही सत्ताधारी पक्षातील अनेकांनी त्यास पाठिंबा दिला. उलट विरोधी बाकांवरील काहींनीच त्यावर टीका केली. नागरिकांचे हक्क दुबळे होतील, ही त्यांची भीती काही पोकळ नव्हती. ते विधेयक संमत झाले नाही. १९७१ च्या जानेवारीत नाथ पै निवर्तले, आणि त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने तो अधिकार संसदेस मिळाला.