आज्ञेतील शब्द आधी मोजा!

‘माइनक्राफ्ट’ या संगणकीय खेळात खेळाडू तिरकी रेघ देऊन आज्ञा लिहितो. समजा, सर्व्हरसाठी तुम्ही जावा भाषेत ‘बुकिट’ पद्धतीचे प्लगिन लिहिले आहे आणि त्याची आज्ञा अशी आहे :

/बक्षीस रमा ५

म्हणजे रमाला ५ हिरे द्यावयाचे. सर्व्हर ही ओळ मोकळ्या जागांपाशी तोडतो. ‘बक्षीस’ हे आज्ञेचे नाव वेगळे काढले जाते. उरलेले शब्द अ‍ॅरे नावाच्या रांगेत तुमच्या हाती येतात. रांगेतील घरांची मोजणी ० पासून होते. म्हणून ‘रमा’ ० क्रमांकाच्या घरात, तर ‘५’ हा १ क्रमांकाच्या घरात असतो.

आता कोणी नुसतेच ‘/बक्षीस रमा’ लिहिले तर? १ क्रमांकाचे घरच नाही! ते उघडू जाताच एक्सेप्शन उद्भवते आणि काम अर्धवट थांबते. म्हणून प्रथम रांगेची लांबी २ आहे का, ते पाहा.

दुसरी गोष्ट, हा ‘५’ अजून संख्या नव्हे, नुसते चिन्ह आहे. ‘पार्सइंट’ त्याची संख्या करते. तिला देवनागरी ‘५’सुद्धा समजतो; पण ‘पाच’ लिहिल्यास पुन्हा एक्सेप्शन! ते पकडून खेळाडूला चूक समजावून सांगा.

तिसरी गोष्ट, रमा त्या वेळी खेळात नसेल तर तिचा शोध घेतल्यावर ‘नल’ हाती येते. तेही तपासा.

आता विचार करा : कोणी ‘-५’ लिहिले तर? या तिन्ही चाळण्यांतून ते सुटते. चौथी चाळणी तुम्हीच लिहून पाहा.