कॉलेजच्या संघामागची माणसं कुठून येतात?

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजकडून बास्केटबॉल खेळते. अमेरिकेतल्या एका कॉलेज संघाच्या फोटोत खेळाडूंच्या मागे प्रशिक्षक, व्यवस्थापक अशी मोठी रांगच दिसली. हे सगळे माजी नामांकित खेळाडू असतात का? आपल्याकडे असं काम करायचं तर काय शिकावं लागतं?
– एक वाचक, मुरुड (जि. लातूर)

उत्तर : नामांकित खेळाडूच असावं लागतं असं मुळीच नाही. फ्रँक व्होगेल जुनियाटा नावाच्या छोट्या कॉलेजात खेळायचे. तिथून ते केंटकी विद्यापीठात गेले ते संघाचे विद्यार्थी-व्यवस्थापक होण्यासाठी, म्हणजे पडेल ते काम करण्यासाठी. पुढे २०२० मध्ये त्यांच्याच हाताखाली लॉस एंजेलिस लेकर्सनी एनबीए जिंकली. ज्यांनी १८९१ मध्ये हा खेळ शोधला, ते जेम्स नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले होते. १८९८ मध्ये त्यांनी डॉक्टरकीची पदवी घेतली आणि त्याच वर्षी ते केन्सास विद्यापीठात रुजू झाले. तिथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले, ६० हरले!

आपल्याकडे ती रांग एकाच खुर्चीत बसते : शारीरिक शिक्षण संचालक. निवड चाचणी, प्रवेशिका, ओळखपत्रं, संघाला स्पर्धेच्या गावी नेणं-आणणं, शिवाय कबड्डी, खो-खो, मैदानी स्पर्धा हे सगळं तेच बघतात. माझ्या मते कॉलेजात सर्वांत कमी कौतुक होणारं पद हेच आहे.

या पदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ५५ टक्क्यांसह एम.पी.एड., प्राध्यापकांसारखीच नेट किंवा सेट आणि धावण्याची चाचणी लागते. तिशीच्या आतल्या महिलांना आठ मिनिटांत १००० मीटर अंतर कापावं लागतं. तुमचा रस्ता पदवीनंतर बी.पी.एड.ची सीईटी, मग एम.पी.एड. असा जातो. एकाच खेळाचं प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका मोलाची. ही संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे.

खेळाडूचा प्रशिक्षक होणं लातूरला नवं नाही. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. नंतर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडवले. त्यांचे शिष्य काका पवारही लातूरचेच, आणि आज तेही पुण्यात वस्ताद आहेत. बास्केटबॉलमध्ये अशी परंपरा मराठवाड्यात अजून उभी राहायची आहे, म्हणून तुमचा प्रश्न वाचून विशेष आनंद झाला.

सुरुवात मात्र आजच करता येईल. पुढच्या स्पर्धेत तुमचा सामना नसेल तेव्हा गुणलेखकाशेजारी बसा. त्याच्या गुणपत्रिकेत पहिल्या आणि तिसऱ्या सत्राला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळा किंवा काळा. दोन गुणांच्या बास्केटला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुण मिळाले की खेळाडूच्या क्रमांकाभोवती गोल. वैयक्तिक फाउलला ‘पी’, पाच झाले की खेळाडू बाहेर. हा कागद वाचता आला की कोण कधी थकतं, कोणत्या सत्रात संघ ढेपाळतो हे दिसू लागतं. प्रशिक्षकाला हेच ओळखायचं असतं.

आणि एक काम विसरू नका. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा. संचालकपदाच्या अर्जात खेळल्याचा पुरावा मागतात.